विश्लेषण : ‘बॉइज लव्ह’ मांगा म्हणजे काय? वाचावे कोणते, सुचवावे कसे?

आदिलाबाद जिल्ह्यात, पैनगंगेच्या अलीकडे असलेल्या बेला मंडलात घरात मराठी, कचेरीत तेलुगू आणि बाजारात दोन्ही, शिवाय कानावर गोंडी आणि उर्दूही, असा भाषांचा संसार जुनाच आहे. राज्यातील इतर गावांप्रमाणे येथेही मोबाइलच्या पडद्यावरून आता जपानी कथांची भर पडली आहे. ॲनिमे, म्हणजे जपानी चलच्चित्रे, ‘क्रंचीरोल’सारख्या सेवांवर हिंदी, तमिळ आणि तेलुगू आवाजांत पाहता येतात. ॲनिमे पाहणारा तरुण वाचक पुढे त्यांच्या मूळ चित्रकथांकडे, म्हणजे मांगाकडे वळतो आणि तेथे त्याला वा तिला एक वेगळे कपाट दिसते. त्यावर पाटी असते ‘बीएल’.

या कपाटात दोन मुलांच्या किंवा दोन पुरुषांच्या प्रेमाच्या कथा आहेत. काही इतक्या सोज्वळ की अख्ख्या पुस्तकात हातात हात घेण्यापलीकडे काही घडत नाही; काही केवळ प्रौढांसाठी. पाटी मात्र एकच. बेल्यासारख्या गावात ‘यातले काय वाचू?’ हा प्रश्न विचारायला सहसा कोणी सापडत नाही. शिक्षकांना विचारण्याचा संकोच, घरी विचारण्याची भीती आणि मित्रांमध्ये चेष्टेची धास्ती. मग निवड होते ती शोधयंत्राने दाखवलेल्या क्रमानुसार. म्हणूनच हा प्रकार काय आहे, तो कोठून आला आणि त्यातील पुस्तक दुसऱ्याला सुचवताना कोणते भान ठेवावे, हे समजून घेणे आवश्यक ठरते.

‘बीएल’ म्हणजे नेमके काय?

‘बीएल’ हे ‘बॉइज लव्ह’ या शब्दांचे लघुरूप. शब्द इंग्रजी असले तरी या अर्थाने ते रूढ झाले जपानमध्ये, १९९० च्या दशकात. पुरुष-पुरुषांतील प्रेम हा या कथांचा गाभा असतो. लिहिणाऱ्या आणि चित्रे काढणाऱ्या बहुतांश स्त्रिया आणि वाचकवर्गही मुख्यतः स्त्रियांचा, हे या प्रकाराचे वैशिष्ट्य होय. समलिंगी पुरुषांनी समलिंगी पुरुषांसाठी निर्मिलेल्या चित्रकथांची परंपरा जपानमध्ये निराळी आहे. दोन्हींच्या सीमा अधूनमधून मिसळतात, तरी उगम वेगवेगळे आहेत.

या जगाची स्वतःची परिभाषा आहे. जुन्या, भावविभोर कथांना ‘शोनेन-आइ’ म्हणत. ‘याओइ’ हा शब्द १९७० च्या दशकाच्या अखेरीस हौशी लेखिकांच्या वर्तुळात थट्टेने जन्मला. ‘ना कळस, ना शेवट, ना अर्थ’ अशा आशयाच्या तीन जपानी शब्दप्रयोगांची ती आद्याक्षरे आहेत. प्रेमात पुढाकार घेणारा तो ‘सेमे’ आणि स्वीकारणारा तो ‘उके’ अशी पात्रांची जुनी विभागणी आहे. या कथांची चाहती स्वतःला विनोदाने ‘फुजोशी’ म्हणवते. शब्दशः अर्थ ‘कुजलेली मुलगी’. चाहता मुलगा असेल तर ‘फुदांशी’. लोकांनी हिणवण्यापूर्वी स्वतःलाच हिणवून घेण्यात जी ढाल असते, ती या शब्दांत आहे.

मांगा उजवीकडून डावीकडे वाचतात. पान उलट बाजूने उघडायचे आणि चौकटीही उजवीकडून वाचत यायच्या. उर्दू पाट्या आणि पुस्तके पाहण्याची सवय असलेल्या तेलंगणातील वाचकाला हे फारसे अवघड जाऊ नये.

ही परंपरा कोठून आली?

जपानी लेखिका मारी मोरी यांनी १९६१ मध्ये पुरुषांमधील प्रेमावर एक दीर्घकथा लिहिली; या प्रवाहाची पूर्वपीठिका म्हणून तिचा उल्लेख होतो. चित्रकथेत हा विषय आला तो १९७० च्या सुमारास. त्यापूर्वी जपानमध्ये मुलींच्या मासिकांतील चित्रकथा बहुतांशी पुरुषच काढत. १९४९ च्या आसपास जन्मलेल्या तरुण चित्रकर्तींच्या एका पिढीने ही मक्तेदारी मोडली. जपानी कालगणनेनुसार ते शोवा २४ वे वर्ष, म्हणून या पिढीला ‘चोविसाव्या वर्षाचा गट’ असे नाव पडले. केइको ताकेमिया आणि मोतो हागिओ ही त्यातील दोन ठळक नावे.

ताकेमिया यांची १९७० मधील एक लघुकथा ही या प्रकारातील पहिली चित्रकथा मानली जाते. हागिओ यांची ‘नोव्हेंबर जिम्नॅशियम’ १९७१ मध्ये आणि ‘द हार्ट ऑफ थॉमस’ ही दीर्घ कथा १९७४ मध्ये आली. जर्मनीतील मुलांच्या वसतिशाळेत घडणारी ही कथा एका मुलाच्या मृत्यूने सुरू होते आणि मागे उरलेल्यांच्या अपराधभावाचा शोध घेते. ताकेमिया यांची ‘काझे तो कि नो उता’, म्हणजे ‘वारा आणि झाडांचे गाणे’, ही कथा १९७६ ते १९८४ या काळात प्रसिद्ध झाली. तिच्यात बालकांवरील अत्याचाराचे विदारक चित्रण आहे. ऐतिहासिक महत्त्व असूनही ती नवख्या किंवा अल्पवयीन वाचकाच्या हाती देण्याजोगी नाही.

याच सुमारास या कथांना स्वतःची पेठ मिळाली. १९७५ च्या डिसेंबरात टोकियोमध्ये ‘कोमिकेट’ हा हौशी चित्रकथाकारांचा मेळा सुरू झाला. स्वखर्चाने छापलेल्या पुस्तिका तेथे हातोहात विकल्या जात. १९७८ मध्ये या विषयाला वाहिलेले ‘जून’ हे मासिक निघाले. नव्वदच्या दशकात मोठ्या प्रकाशकांनी स्वतंत्र मासिके काढली आणि ‘बीएल’ हा पुस्तकांच्या दुकानातील नेहमीचा विभाग झाला. पुढे थायलंडच्या मालिका, कोरियाच्या मोबाइलवरील चित्रकथा आणि चीनच्या ‘दानमेइ’ कादंबऱ्या यांनी हा प्रवाह आशियाभर पसरवला.

स्त्रियांनी मुलांच्या प्रेमकथा का लिहिल्या?

याचे एकच उत्तर नाही. पण एक उत्तर आपल्याकडच्या वाचकाला सहज उमगेल. त्या काळच्या मुलींच्या चित्रकथांत नायिकेची वाट ठरलेली होती. ती वाट पाहणार, सोसणार, निवडली जाणार आणि अखेर कोणाच्या तरी घरची होणार. आपल्या कथा-मालिकांतील सासर-माहेरच्या चौकटीशी तिचे नाते जवळचे आहे. प्रेमिकांपैकी कोणीच मुलगी नसेल तर ही चौकटच गळून पडते. कोणी कोणाच्या घरी जायचे, कोणी नमते घ्यायचे, हे आधी ठरलेले उरत नाही.

हागिओ यांनी ‘नोव्हेंबर जिम्नॅशियम’ची कथा आधी मुलींच्या वसतिशाळेत घडवून पाहिली होती, ती मनासारखी उतरेना, म्हणून त्यांनी ती मुलांच्या शाळेत नेली. मुलगी असण्याबरोबर येणाऱ्या बंधनांतून पात्रांना सोडवण्याचा हा मार्ग होता. वाचणाऱ्या मुलीलाही येथे मोकळीक मिळते. पानावर कोणी तिच्या देहाकडे पाहत नसते. पाहणारी ती असते.

यावरून आणखी एक गोष्ट स्पष्ट होते. या कथा आवडणे हा कोणाच्याही लैंगिक कलाचा पुरावा नव्हे. वाचणाऱ्या अनेक जणी स्वतः पुरुषांच्याच प्रेमात पडणाऱ्या स्त्रिया असतात. काही वाचक मात्र समलिंगी असतात आणि त्यांना या पानांत प्रथमच आपल्यासारखे कोणी भेटते. दोन्ही वाचनांना सारखाच मान हवा.

आक्षेप कोणते?

पहिला आक्षेप समलिंगी पुरुषांकडूनच आला. १९९२ मध्ये मासाकि सातो या समलिंगी कार्यकर्त्याने एका लहान नियतकालिकात लिहिले की, या कथांतील देखणे, श्रीमंत, कोणत्याही सामाजिक जाचाविना जगणारे नायक म्हणजे खऱ्या समलिंगी माणसांच्या जगण्याचा विपर्यास आहे. त्यावरून सुरू झालेला वाद ‘याओइ वाद’ म्हणून ओळखला जातो आणि तो काही वर्षे चालला. त्यातून काही लेखिका अंतर्मुख झाल्या. आज घरच्यांना सांगण्याची धास्ती, नोकरीतील अडचण, म्हातारपणाची चिंता असे विषय या कथांत अधिक दिसतात.

दुसरा आक्षेप संमतीविषयीचा आहे. जुन्या अनेक कथांत नकार हा लाजण्याचाच प्रकार मानला गेला आणि बळजबरीला प्रेमाचा मुलामा दिला गेला. ‘नाही म्हणजे होच’ हे सूत्र आपल्या चित्रपटांनीही वर्षानुवर्षे गिरवले. तेव्हा हा दोष केवळ जपानचा नाही. परंतु प्रेमाविषयी पहिले काही वाचणाऱ्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाच्या मनावर त्याचा ठसा उमटू शकतो. हा आक्षेप गंभीर आहे आणि पुस्तक सुचवताना त्याचा विसर पडता कामा नये.

तिसरा आक्षेप सार्वजनिक ग्रंथालयांशी संबंधित आहे. २००८ मध्ये जपानमधील साकाइ शहराच्या ग्रंथालयांत बीएल कादंबऱ्या मोठ्या संख्येने असल्याची तक्रार झाली. ग्रंथालयाने ती पुस्तके उघड्या कपाटांतून काढून आत ठेवली आणि १८ वर्षांखालील वाचकांना न देण्याचे ठरवले. त्यावर नागरिक आणि अभ्यासकांनी प्रतिप्रश्न केला: स्त्री-पुरुषांच्या प्रेमाच्या तितक्याच धीट कादंबऱ्या कपाटात राहतात, मग हीच का हलवली? अखेर ग्रंथालयाला निर्णय मागे घ्यावा लागला. या प्रकरणातून मिळणारा निकष आजही उपयोगी आहे. वय आणि मजकूर पाहून मर्यादा घालावी. प्रेम कोणाकोणात आहे, एवढ्यावरून घालू नये.

सुचवणे ही कला कशी?

शिफारस या विषयावरच दोन सुंदर मांगा आहेत. पहिला काओरी त्सुरुतानी यांचा. इंग्रजीत तो ‘बीएल मेटामॉर्फसिस’ या नावाने मिळतो. पंचाहत्तर वर्षांच्या एक विधवा बाई पुस्तकांच्या दुकानात जातात आणि केवळ मुखपृष्ठावरील चित्र आवडले म्हणून एक मांगा विकत घेतात. घरी येऊन वाचतात तर ती दोन मुलांची प्रेमकथा. त्या दचकत नाहीत. पुढे काय झाले, या ओढीने दुसरा भाग घ्यायला पुन्हा दुकानात येतात. तेथे काम करणारी सतरा वर्षांची मुलगी याच कथांची चाहती, पण आपली आवड जगापासून दडवून बसलेली. दोघींची मैत्री जमते. मूळ जपानी शीर्षकात ‘एन्गावा’ हा शब्द आहे. एन्गावा म्हणजे जपानी घराची ओसरी. पुस्तकाविषयी बोलायला माणूस मिळाले की लपवण्याचे ओझे कसे हलके होते, हे या पाच भागांत अत्यंत संयमाने रेखाटले आहे. यावर २०२२ मध्ये जपानमध्ये चित्रपटही निघाला.

दुसरा शो हारुसोनो यांचा ‘सासाकि आणि मियानो’. शाळकरी मियानो स्वतः बीएल मांगाचा चोरटा वाचक आहे. वरच्या वर्गातील सासाकि त्याच्याकडे पुस्तक मागतो. पुस्तके देणे-घेणे, त्यावर बोलणे आणि त्या निमित्ताने एकमेकांना ओळखत जाणे, हीच कथा. सासाकिच्या मनात प्रेम उमलते, पण तो उत्तरासाठी घाई करत नाही. मियानोला विचार करायला हवा तेवढा वेळ देतो. जुन्या कथांतील बळजबरीला यापेक्षा चांगले उत्तर क्वचितच मिळेल.

या दोन्ही कथांतून आणि वर सांगितलेल्या आक्षेपांतून पुस्तक सुचवणाऱ्यासाठी काही पथ्ये निघतात. केवळ ‘छान आहे, वाच’ एवढे पुरेसे नाही. पात्रे शाळकरी आहेत की प्रौढ, शरीरसंबंधांचे चित्रण आहे का आणि असल्यास किती उघड, बळजबरी, आत्महत्या, मारहाण असे काही आहे का, आणि शेवट कसा आहे, या चार गोष्टी आधी सांगाव्यात. शेवट सांगितल्याने रसभंग होतो, असे कोणी म्हणेल. पण ज्याला स्वतःच्या आयुष्याचा शेवट वाईटच होणार अशी भीती वाटते, त्याला ‘यातली दोन्ही मुले सुखरूप राहतात’ हे आधी कळणे कित्येकदा रसापेक्षा मोलाचे असते.

पाचवे पथ्य सर्वांत महत्त्वाचे. शिफारस ही चौकशी होऊ नये. अमुक मुलगा ‘तसा’ असावा अशा तर्काने त्याच्यापुढे असे पुस्तक ठेवणे, तेही चार जणांत, म्हणजे त्याचे गुपित त्याच्या परवानगीवाचून उघडे करण्याचा प्रकार होय. लहान गावात बातमी बसच्या आधी घरी पोहोचते. तिचे परिणाम शाळा सुटण्यापासून घर सुटण्यापर्यंत काहीही असू शकतात. पुस्तक सर्वांसाठी ठेवलेल्या यादीत असावे. कोण उचलतो, यावर नजर नसावी.

आरंभ कोठून करावा?

पुढील मांगा इंग्रजी अनुवादात आहेत. इंग्रजी सोपी आणि संवाद छोटे असल्याने दहावी-बारावीच्या विद्यार्थ्याला ते वाचता येतात.

हसत-खेळत सुरुवात करायची तर ‘माय लव्ह मिक्स-अप!’ घ्यावा. कथा वातारु हिनेकुरे यांची, चित्रे आरुको यांची. एकूण नऊ भाग. आओकि नावाच्या मुलाला वर्गातील हाशिमोतो आवडते. तो तिचे खोडरबर मागून घेतो, तर त्यावर दुसऱ्याच मुलाचे, इदाचे, नाव. नेमके तेच खोडरबर इदा पाहतो आणि आओकिचे आपल्यावर प्रेम आहे असा समज करून घेतो. हाशिमोतोची अब्रू राखण्यासाठी आओकि खरे बोलत नाही आणि गैरसमजातून गोष्ट पुढे सरकते. उघड काहीही नाही, शेवट आनंदाचा.

युकि फुमिनो यांचा ‘आय हिअर द सनस्पॉट’ हा अधिक गंभीर. ऐकू कमी येणारा महाविद्यालयीन विद्यार्थी कोहेइ एकटा पडला आहे. ताइचि हा बडबड्या, सदा भुकेला मुलगा जेवणाच्या डब्याच्या बदल्यात त्याच्यासाठी वर्गात टिपणे काढू लागतो. बहिरेपणामुळे येणारा दुरावा आणि मैत्रीचे हळूहळू प्रेमात होणारे रूपांतर हा त्याचा विषय. प्रेमकथा नको असणाऱ्यानेही अपंगत्वावरील कथा म्हणून वाचावा असा तो आहे.

नात्सुकि किझु यांचा ‘गिव्हन’ हा संगीताच्या चमूभोवती फिरतो. तुटलेल्या तारेची गिटार कवटाळून बसणारा माफुयु आणि ती दुरुस्त करून देणारा रित्सुका यांच्यापासून कथा सुरू होते. गिटारमागे एका प्रिय मुलाच्या आत्महत्येची आठवण आहे आणि पुढील भागांतील प्रौढ पात्रांच्या नात्यात एक बळजबरीचा प्रसंगही येतो. तो मोठ्या वाचकांना, आणि हे सांगूनच, सुचवावा. अशा कथेने कोणाच्या मनात अस्वस्थता दाटली तर केंद्र शासनाच्या ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा दूरध्वनी क्रमांक हाताशी असावा.

काटेकोरपणे बीएल नसलेली दोन पुस्तके घरातील मोठ्यांसाठी उपयुक्त आहेत. फुमि योशिनागा यांची ‘व्हॉट डिड यू ईट यस्टरडे?’ ही मालिका २००७ पासून प्रसिद्ध होत आहे. एक वकील आणि एक केशकर्तनकार अशा मध्यमवयीन जोडप्याचा संसार तिच्यात स्वयंपाकाच्या निमित्ताने उलगडतो. भाजीचा भाव, उरलेल्या अन्नाचा उपयोग आणि म्हाताऱ्या आई-वडिलांशी अवघडलेले संबंध, हे सारे कोणत्याही मराठी घरात ओळखीचे वाटेल. दुसरे गेंगोरोह तागामे यांचे ‘माय ब्रदर्स हजबंड’. तागामे स्वतः समलिंगी आहेत. भावाच्या मृत्यूनंतर त्याचा कॅनेडियन पती दारात येऊन उभा राहतो, तेव्हा घरच्या माणसाचे अवघडलेपण आणि त्याच्या लहान मुलीची निरागस स्वीकृती यांची ही कथा. तिला २०१८ मध्ये अमेरिकेचा आयझनर पुरस्कार मिळाला.

पुस्तकाच्या मलपृष्ठावरील वयोगटाची खूण पाहण्याची सवय लावावी. अमेरिकेतील ‘विझ’ या प्रकाशनाच्या पुस्तकांवर किशोर, मोठे किशोर आणि प्रौढ असे वेगवेगळे संकेत असतात. चाहत्यांनी परवानगीवाचून अनुवाद करून टाकलेल्या पानांवर अशा खुणेची हमी नसते आणि त्यातून मूळ चित्रकर्तीला काही मिळतही नाही. ‘फुकट मिळते’ म्हणून तेथे गेलेला वाचक काय पाहील, याची शाश्वती देता येत नाही.

मराठीचे स्वतःचे कपाट रिकामे आहे का?

मुळीच नाही. सचिन कुंडलकर यांची ‘कोबाल्ट ब्लू’ ही कादंबरी मौज प्रकाशनाने २००६ मध्ये प्रसिद्ध केली. एकाच घरातील भाऊ आणि बहीण, तनय आणि अनुजा, घरात भाड्याने राहायला आलेल्या एकाच तरुणाच्या प्रेमात पडतात. तो निघून गेल्यावर दोघे आपापली बाजू सांगतात. जेरी पिंटो यांनी २०१३ मध्ये तिचा इंग्रजी अनुवाद केला आणि २०२२ मध्ये तिच्यावरील चित्रपट ‘नेटफ्लिक्स’वर आला. पुण्यात २००२ मध्ये ‘समपथिक ट्रस्ट’ स्थापन करणारे बिंदुमाधव खिरे यांनी ‘पार्टनर’ ही कादंबरी आणि ‘इंद्रधनु’ हे माहितीपर पुस्तक लिहून या विषयाला साध्या मराठीत वाट करून दिली. त्याआधी, १९८० च्या दशकाच्या प्रारंभी, विजय तेंडुलकरांनी ‘मित्राची गोष्ट’ या नाटकात एका तरुणीचे दुसऱ्या तरुणीवरील प्रेम रंगमंचावर आणले होते.

बेल्याच्या वाचकाला सर्वांत जवळची वाटावी अशी कृती अगदी अलीकडची आहे. रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ या मराठी चित्रपटाला २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेतील सनडान्स महोत्सवात जागतिक कथापट विभागाचा सर्वोच्च परीक्षक पुरस्कार मिळाला. मुंबईत राहणारा आनंद वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी येतो. लग्नाचा तगादा, नातेवाइकांची कुजबुज आणि शेती करणारा बालमित्र बाळ्या यांच्यामध्ये त्याला आपली जागा सापडते. शहर, श्रीमंती, देखणे चेहरे यांपैकी कशाचाही आधार न घेता, गावाच्या मातीत अशी प्रेमकथा घडू शकते, हे त्याने दाखवले.

जपानी मांगा आणि ही मराठी कपाटे एकमेकांना पूरक आहेत. मराठी कृतींचा स्वर बहुधा वेदनेचा आहे. ‘माय लव्ह मिक्स-अप!’मध्ये सापडणारा हलकाफुलका आनंद आपल्याकडे अजून दुर्मिळ आहे. उलट मांगात सहसा न दिसणारे जात, शेती, एकत्र कुटुंब आणि लग्नाचा दबाव हे वास्तव मराठीत आहे. म्हणून एक मांगा सुचवताना सोबत एक मराठी कृती सुचवणे शहाणपणाचे ठरेल. सीमा ओलांडणाऱ्या चित्रकथा आपल्याला नव्या नाहीत. तेलुगू-तमिळमध्ये निघालेले ‘चांदामामा’ मराठीत ‘चांदोबा’ होऊन घरोघरी गेले आणि ‘तोत्तोचान’ ही जपानी शाळेची गोष्ट मराठी मुलांनी आपलीशी केली.

कायदा काय सांगतो?

६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ‘नवतेज सिंग जोहर’ खटल्यात निकाल दिला आणि सज्ञान व्यक्तींमधील परस्पर संमतीचे समलिंगी संबंध कलम ३७७ च्या कक्षेतून वगळले. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास न्यायालयाने नकार दिला. म्हणजे प्रेम हा गुन्हा नाही, मात्र त्या नात्याला विवाहाचा दर्जाही नाही.

वयाच्या बाबतीत कायदा कठोर आहे. अल्पवयीन व्यक्तींचे लैंगिक चित्रण बाळगणे किंवा पसरवणे यावर ‘पॉक्सो’ आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६७ ब यांनुसार कारवाई होऊ शकते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर ‘पॉक्सो’च्या व्याख्येत, निर्माण केलेल्या पण बालकाचे चित्रण भासणाऱ्या प्रतिमाही आल्या आहेत. ‘ही तर नुसती चित्रे’ असे म्हणून काहीही पुढे पाठवणे धोक्याचे आहे. शाळकरी पात्रांच्या सोज्वळ प्रेमकथा आणि अशी चित्रे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तो फरक ओळखणे आणि दुसरा प्रकार स्वतः टाळणे, इतरांनाही टाळायला सांगणे, हे सुचवणाऱ्याचे कर्तव्य होय.

गावात काय करता येईल?

बेल्यासारख्या गावात मांगाचे स्वतंत्र दुकान निघण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. शाळेत किंवा वाचनालयात एक साधी वही ठेवता येईल. तीत सर्व प्रकारच्या पुस्तकांची नावे आणि प्रत्येकापुढे वयोगट, विषय, त्रासदायक प्रसंग आणि शेवट यांची दोन ओळींची नोंद असावी. ‘माय ब्रदर्स हजबंड’ त्या यादीत ‘तोत्तोचान’ आणि ‘कोबाल्ट ब्लू’ यांच्यासोबत सहज बसेल. पुस्तक कोणी नेले, हे मात्र नेणाऱ्याच्या आणि देणाऱ्याच्या पलीकडे जाऊ नये.

घरातील मोठ्यांनी मुलाच्या मोबाइलवर असे एखादे पान पाहिले, तर पहिला प्रश्न ‘हे काय वाचतोस?’ असा दरडावून विचारण्याऐवजी ‘गोष्ट कशाची आहे?’ असा विचारावा. दरडावले तर मूल तेच वाचन अधिक अंधाऱ्या कोपऱ्यात करू लागते, जेथे वयाची खूण नसते आणि चांगले-वाईट सांगणारेही कोणी नसते. गोष्ट विचारली तर ते बहुधा गोष्ट सांगू लागते. मग त्यातले कोण कोणाशी कसे वागले, नकार दिला तेव्हा तो ऐकला गेला का, यावर बोलता येते. आणि पुढचे पुस्तक कोणते, हे दोघांना मिळून ठरवता येते.